सुडो लावून वजन खरं होत नाही

साखर कारखान्याच्या भुईकाट्यावर उसाची ट्रॉली चढते, इंडिकेटरवर आकडा स्थिरावतो आणि नऊ पिनांच्या केबलमधून शेजारच्या संगणकात जातो. संगणकातला प्रोग्रॅम पावती छापतो. त्या पावतीवरून शेतकऱ्याचं बिल निघतं, वाहतूकदाराचं भाडं ठरतं, तोडणी टोळीची मजुरी ठरते. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो, पण इंडिकेटरमधून निघालेला १२३५० हा आकडा पावतीवर १२३५०च उमटेल याची हमी तो शिक्का देत नाही. ती हमी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने द्यायची असते. माझ्या धंद्यातली बरीच माणसं ती देत नाहीत. ती द्यावी लागते हेच त्यांच्या गावी नसतं, आणि याचा मला मनापासून संताप आहे.

मी लिनक्सवर फ्री पास्कलमध्ये काट्यांची आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांची सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेली दुरुस्तही करतो. ‘पास्कलमधून लिनक्सवर सिरियल पोर्ट धड वाचता येत नाही’ हे वाक्य मला पदवीधर, अनुभवी, चांगलं मानधन घेणाऱ्या लोकांकडून ऐकावं लागतं. वाक्य साफ खोटं आहे. पास्कल अडवत नाही आणि लिनक्सही अडवत नाही. पोर्टशी बोलण्याच्या अटी कर्नलने टर्मिऑस नावाच्या एका रेकॉर्डमध्ये मांडून ठेवल्या आहेत. त्या पॉझिक्सच्या मानकात आहेत, मॅन्युअलच्या पानावर आहेत, आणि फ्री पास्कलच्या टर्मिओ युनिटमध्ये जशाच्या तशा आहेत. त्या वाचायच्या नाहीत, हा हट्ट तेवढा आडवा येतो.

या हट्टाचं मूळ डॉसमध्ये आहे. टर्बो पास्कल १९८३ साली आलं. पीसीवरच्या टर्बो पास्कलमध्ये पोर्ट नावाचा एक आयता ॲरे होता. कॉम-वनचा पत्ता हेक्स ३एफ८, कॉम-टूचा २एफ८. ॲरेच्या त्या खणात बाइट ठेवला की तो थेट यूएआरटी चिपच्या रजिस्टरमध्ये पडायचा. वेग ठरवायचा तर ३एफबीवरचा सर्वांत वरचा बिट चढवायचा, १,१५,२०० ला हव्या त्या वेगाने भागून आलेला भाजक ठेवायचा (९६०० साठी १२) आणि बिट उतरवायचा. बाइट आला का, हे ३एफडीवरून कळायचं. या पद्धतीबद्दल मला आदर आहे. ती ज्याने हाताने लिहिली त्याला चिप कळली होती. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा आणि सगळं यंत्र त्याच्या मालकीचं असायचं, म्हणून ते बरोबरही होतं.

लिनक्समध्ये यंत्र कर्नलच्या ताब्यात असतं. तरीही लोक जुना कोड घेऊन येतात आणि ३एफ८ला हात घालू पाहतात. इंटेलच्या यंत्रावर ते शक्यही आहे. फ्री पास्कलमध्ये पोर्ट्स नावाचं युनिट आहे. रूट या सर्वाधिकारी खात्यावरून चालवून आयओपर्मने परवानगी घेतली की जुना ॲरे पुन्हा जिवंत होतो. मग ‘चाललं’ म्हणून टाळ्या पिटल्या जातात. काय चाललं? त्याच चिपवर कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर बसलेला आहे. त्याने पोर्ट उघडून ठेवलं असेल तर एकाच रजिस्टरमधून दोघे बाइट उचलतात, आणि कोणता बाइट कोणाच्या वाट्याला जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. ड्रायव्हर गप्प असला तरी साध्या प्रोग्रॅमला इंटरप्ट मिळत नाही, त्याला सतत डोकावत राहावं लागतं. ९६०० वेगाला एक बाइट यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. १६५५०ए चिपच्या रांगेत १६ बाइट मावतात. म्हणजे प्रोसेसर सतरा-अठरा मिलिसेकंद दुसऱ्या कामात गुंतला की पुढचे बाइट गेले. डॉसमध्ये हे दुसरं काम नव्हतंच. लिनक्सवर पावती छापणं, डेटाबेस, नेटवर्क, सगळं त्याच वेळी चालू असतं.

शिवाय आज काट्याच्या खोलीत येणाऱ्या बहुतेक संगणकांना नऊ पिनांचं सॉकेटच नसतं. असतो तो सीएच३४० नाहीतर एफटीडीआय चिपचा यूएसबी कन्व्हर्टर, आणि तो ३एफ८ या पत्त्यावर राहत नाही. पत्ता बदलून बदलून बघणारे लोक मी पाहिले आहेत. अनेक वितरणांत टीटीवायएस नावाच्या फाइली खाली चिप असो वा नसो तयारच असतात. ती फाइल उघडतेही, पण सेटिंग वाचायला गेलं की इनपुट-आउटपुट त्रुटी येते. ती त्रुटी तपासायची नाही आणि लिनक्सला शिव्या द्यायच्या, हे यांचं निदान.

आता रूटबद्दल. पोर्ट उघडताना परवानगी नाकारली गेली की पहिला सल्ला मिळतो, सुडो लावा, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवा. दुसरा, सीएचमॉड ७७७ करा, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी द्या. दोन्ही सल्ले देणाऱ्याने एक साधी गोष्ट पाहिलेली नसते. डेबियन आणि उबुंटूवर पोर्टची फाइल रूटच्या मालकीची आणि डायलआउट गटाची असते. ऑपरेटरच्या खात्याला त्या गटात घाला, एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. झालं. आर्चवर गटाचं नाव यूयूसीपी आहे, एवढाच फरक. पण हे सोडून सीएचमॉड केलं जातं. कन्व्हर्टर उपसून पुन्हा खोचला की ती फाइल नव्याने तयार होते आणि युडेव्ह परवानगी मूळ जागी नेतो. मग ती ओळ संगणक सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जाते. तेही पुरत नाही, आणि शेवटी अख्खा प्रोग्रॅमच रूट म्हणून चालवला जातो.

हे भुईकाट्यावर करणं म्हणजे काय, ते समजून घ्या. या राज्यात काटामारीचा आरोप हंगामाहंगामाला होतो. शेतकरी संघटना त्यावर रस्त्यावर उतरल्या आहेत. अशा ठिकाणी पावतीचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवला, तर त्या प्रोग्रॅमच्या फाइल उघडण्याच्या खिडकीतून ऑपरेटर यंत्रावरची कोणतीही फाइल बदलू शकतो. पावत्यांचा साठा, नोंदवही, काहीही. पुढे कोणी तक्रार केली, तर ‘यंत्रात कोणी फेरफार केला नाही’ हे प्रामाणिक कारखान्यालासुद्धा सिद्ध करता येणार नाही. एका गटात एक नाव घालायचा कंटाळा केला म्हणून ही वेळ येते.

आणि रूट देऊनही आकडा येत नाहीच! फाइल उघडते, वाचायला घेतलं की प्रोग्रॅम गोठतो. इथे बहुतेक जण हात टेकतात आणि केबलला दोष देतात. खरं कारण कर्नलने लपवलेलं नाही. सिरियल पोर्ट उघडलं की कर्नल मुळात असं धरून चालतो की तारेच्या पलीकडे एक माणूस टर्मिनलपुढे बसून टाइप करतो आहे. त्यामुळे तो ओळ पूर्ण होईपर्यंत वाट पाहतो, कारण त्या माणसाला चुकलेलं अक्षर खोडायचं असेल. आलेलं अक्षर तो परत पाठवतो, कारण त्या माणसाला ते पडद्यावर दिसायला हवं. सीआर (१३) आला की त्याचा एलएफ (१०) करतो. ३ क्रमांकाचा बाइट म्हणजे कंट्रोल-सी, असं समजतो. १९ म्हणजे थांब आणि १७ म्हणजे चालू, असं समजून ते दोन्ही स्वतःच गिळतो. यातली प्रत्येक सवय टर्मिऑसमधल्या एकेका फ्लॅगने बंद होते: आयकॅनॉन, एको, आयसीआरएनएल, आयसिग, आयएक्सऑन.

आता इंडिकेटर काय पाठवतो ते बघा. अनेक इंडिकेटरांची चौकट अशी असते: आधी एसटीएक्स म्हणजे २, मग चिन्ह आणि अंक, शेवटी ईटीएक्स म्हणजे ३. फ्लॅग तसेच ठेवले असतील तर तो ३ आला की कर्नल त्याला कंट्रोल-सी मानतो, तो बाइट फेकतो आणि तोवर साठलेलं इनपुटही रिकामं करतो. म्हणजे प्रत्येक चौकटीच्या शेवटी त्या चौकटीतलं वजन पुसलं जातं. दुसऱ्या बनावटीचा इंडिकेटर शेवटी ईटीएक्सऐवजी सीआर पाठवतो. त्याचा एलएफ होतो, ओळ पूर्ण होते आणि तोच प्रोग्रॅम सुरळीत चालतो. यावरून पुरवठादार निष्कर्ष काढतो की अमुक मेकचा इंडिकेटर लिनक्सला चालत नाही. एका ठिकाणी असाच चांगला, पडताळणी झालेला इंडिकेटर काढायला लावून ग्राहकाच्या माथी नवा मारलेला मी पाहिला आहे. पैसे ग्राहकाने भरले. न उतरवलेल्या फ्लॅगची किंमत त्याच्याकडून वसूल झाली, आणि नाव लिनक्सचं खराब झालं.

एको चालू ठेवणं तर याहून वाईट. इंडिकेटर जे पाठवतो ते कर्नल त्याला परत पाठवत राहतो. अनेक इंडिकेटर तारेवरून हुकूम घेतात, शून्य कर, टेअर घे. वजन करणाऱ्या यंत्राच्या हुकमाच्या वाटेवर अखंड कचरा ओतत राहणं ज्याला गंभीर वाटत नाही, त्याने काट्याच्या कामाला हात लावू नये.

अर्धवट ज्ञानाचीही एक जात आहे. हे लोक आयकॅनॉन, एको आणि आयसिग उतरवतात आणि काम झालं म्हणतात. इनपुटचे फ्लॅग वेगळ्या खणात आहेत हे त्यांना माहीत नसतं. मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलवर एकाच तारेला अनेक मीटर जोडले की हे उघडं पडतं. उत्तराचा पहिला बाइट मीटरचा क्रमांक असतो. १७ क्रमांकाचा मीटर त्यांच्या लेखी मेलेला असतो, कारण कर्नल तो १७ गिळतो. १९ क्रमांकाच्या मीटरने उत्तर दिलं की कर्नल लिहिणंच थांबवतो आणि पुढच्या सगळ्या मीटरांना प्रश्न जाणं बंद होतं. कुठल्याही रजिस्टरमध्ये १३ आला तर त्याचे १० होतात आणि तपासणीचा आकडा, सीआरसी, जुळत नाही. मग मीटरचे क्रमांक बदलले जातात आणि वहीत टीप लिहिली जाते की १७ आणि १९ वापरू नयेत. अज्ञानाचा असा नियम झाला की पुढच्या पोराने तो मोडायचीही सोय राहत नाही.

उपाय टर्मिओ युनिटमध्ये आहे. टीसीगेटॲटरने सध्याचं रेकॉर्ड घ्या, सीएफमेकरॉने टर्मिनलच्या सगळ्या सवयी एका झटक्यात उतरवा, वेग, बिट आणि पॅरिटी स्वतः लिहा, टीसीसेटॲटरने लागू करा. आणि मग पुन्हा वाचून ताडून पाहा. हे ताडून पाहणं ऐच्छिक नाही. मागितलेल्या बदलांपैकी एखादा जरी लागू झाला तरी टीसीसेटॲटर यश कळवतो, हे मानकातच लिहिलं आहे. वेग लागू झाला, पॅरिटी नाही झाली, तरी उत्तर ‘ठीक’ असंच येईल. ज्याने परतीचं मूल्य कधी तपासलंच नाही त्याला हे सांगून काय उपयोग, असं वाटतं खरं, पण लिहिणं भाग आहे.

पॅरिटीवर मी थांबणार आहे, कारण सगळ्यांत मोठा अन्याय इथे होतो. सीएफमेकरॉ आठ बिट ठेवतो आणि पॅरिटी काढून टाकतो. बरेच इंडिकेटर मात्र सात बिट आणि सम पॅरिटीवर बसवलेले असतात. सात बिटांच्या अंकाला आठवा बिट असा जोडला जातो की एकांची संख्या सम व्हावी. ०, ३, ५, ६ आणि ९ या अंकांच्या आस्की कोडमध्ये ती आधीच सम असते, म्हणून ते आठ बिटांत वाचले तरी बरोबर दिसतात. १, २, ४, ७ आणि ८ यांचा वरचा बिट चढतो आणि ते भलतीच चिन्हं होऊन येतात. म्हणजे निम्मे अंक बरोबर, निम्मे कचरा. हे पाहून विचार करणारा माणूस क्षणात ओळखेल की पॅरिटी चुकली आहे. विचार न करणारा माणूस काय करतो? तो एक लूप लिहितो: अंक नसलेलं अक्षर आलं तर गाळून टाक.

आता १२३५० किलोची ट्रॉली काट्यावर आणा. १ गळला, २ गळला, उरले ३५०. १८६४० चे उरतात ६०. हे इतकं ढळढळीत असतं तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येतं आणि त्यावर आणखी एक ठिगळ लागतं. पण १६९५० आला तर ६९५० उरतात, आणि हे एखाद्या छोट्या गाडीचं वजन म्हणून सहज खपून जातं. दहा टन ऊस पावतीवरून गायब. ही काटामारीच आहे, हेतू असो वा नसो. ज्याची ट्रॉली होती त्याला हेतूशी काय देणंघेणं? गाळणारा लूप लिहिणारा माणूस प्रोग्रॅमर म्हणवून घेतो, त्याच्या हाताखाली शिकाऊ मुलं असतात, आणि तो त्यांना हे ‘डेटा साफ करणं’ म्हणून शिकवतो. चुकीची खूण पुसून टाकली की डेटा साफ होत नाही. चूक तेवढी झाकली जाते.

योग्य रीत अवघड नाही. सात बिट ठेवा, पॅरिटी चालू करणारा पॅरेनबी आणि ती तपासणारा आयएनपीसीके हे फ्लॅग चढवा. मग तारेवर बाइट बिघडला तर कर्नल त्याच्या जागी शून्य बाइट देतो. चौकटीत शून्य बाइट दिसला की पूर्ण चौकट फेकून द्या आणि पुढच्या चौकटीची वाट पाहा. इंडिकेटर सेकंदाला अनेक चौकटी पाठवतो, एक गेल्याने काही बिघडत नाही. आणि अंकांची संख्या ठरलेली असते. सात अंक अपेक्षित असताना पाच आले तर ते वजन नाही, एवढी एक तुलना लिहायला किती वेळ लागतो?

याच माळेतला दुसरा गुन्हा म्हणजे शिळं वजन. इंडिकेटर अखंड पाठवत असतो. ऑपरेटरने ‘वजन घ्या’ बटण दाबलं की प्रोग्रॅम एकदाच वाचतो. मधल्या वेळात आलेले बाइट कर्नलच्या बफरमध्ये साठलेले असतात. त्यात ४०९६ बाइट मावतात, आणि ते भरलं की जुने बाइट पुढे राहतात, नवे मागे अडतात किंवा हरवतात. म्हणजे बटण दाबल्यावर हाती येतं ते काही वेळापूर्वीचं वजन. गाड्यांची रांग असेल तर ते मागच्या गाडीचं असू शकतं. वाचण्यापूर्वी टीसीफ्लश करा, किंवा एका थ्रेडने सतत वाचून ताजी चौकट हाताशी ठेवा. आणि फ्लश केल्यावर पहिली चौकट हमखास मधूनच तुटलेली मिळेल हे धरून चाला. १२३५० ची शेपटी २३५० म्हणून हाती लागू शकते. एसटीएक्स दिसेपर्यंत आलेलं सगळं फेका. एकदा वाचलं की पूर्ण चौकट येते, ही समजूत मनातून काढून टाका. एफपीरीड जेवढे बाइट हाताशी असतील तेवढे देतो आणि किती दिले ते सांगतो. तो आकडा बघणं हे तुमचं काम आहे.

पास्कलवाल्यांना इथे सबब नाही, कारण ही भाषा चूक डोळ्यांपुढे आणून ठेवते. व्हॅल या प्रोसीजरचा तिसरा पॅरामीटर कुठल्या अक्षरावर आकडा बिघडला ते सांगतो. रेंज चेकिंग आहे, मर्यादित कक्षेचे टाइप आहेत, वजन ० ते ६०००० च्या बाहेर गेलं तर प्रोग्रॅमने थांबावं अशी सोय आहे. निक्लाउस विर्थ यांनी १९७० साली ही भाषा झुरिकमध्ये मांडली ती माणसाला शिस्तीने लिहायला शिकवण्यासाठी. तिच्यात बसून कोणी स्ट्रटूइंटडेफ वापरून बिघडलेल्या आकड्याच्या जागी गुपचूप शून्य ठेवत असेल आणि रेंज चेकिंग बंद करून ‘वेग वाढवला’ म्हणत असेल, तर त्याने भाषेला दोष देऊ नये.

लायब्ररी वापरायला माझा विरोध नाही. सिनॅप्सबरोबर येणारं सिनासेर हे युनिट उत्तम आहे, टर्मिऑसची बरीच कटकट ते निस्तरतं. पण त्यातली कॉन्फिगची ओळ, ९६००, ८, एन, एक स्टॉप बिट आणि शेवटी दोन फॉल्स, ही मंत्रासारखी उतरवून घेणाऱ्याला मी विचारतो की यातला एन काय आहे आणि ते दोन फॉल्स कशाचे, तेव्हा उत्तर येत नाही. एन म्हणजे पॅरिटी नाही. फॉल्स म्हणजे सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल दोन्ही बंद. त्याचं रिसीव्ह-स्ट्रिंग सीआर-एलएफ येईपर्यंत थांबतं, ईटीएक्सवाल्या चौकटीसाठी रिसीव्ह-टर्मिनेटेड आहे. आणि चूक झाली तर ही लायब्ररी, तुम्ही तसं सांगितलं नसेल तर, आरडाओरडा करत नाही. लास्टएररमध्ये नोंद करून गप्प बसते. तो न तपासता रिकामी स्ट्रिंग पुढे ढकलली जाते. फ्री पास्कलबरोबर येणाऱ्या सिरियल युनिटबद्दल मात्र मी त्या समाजालाही बोल लावणार. काम करणारं युनिट आहे, पण ते समजायला सोर्स उघडून बसावं लागतं. सोर्स छोटा आहे, वाचता येतो, हे खरं. तरी नवख्या माणसाला नीट लिहिलेली चार पानं देण्याची जबाबदारी त्याने संपत नाही.

‘पास्कल मेलं, पायथन घ्या’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर थोडक्यात आहे. पायसिरियल लिनक्सवर हेच टर्मिऑस बोलावतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते ९६०० वेग, आठ बिट आणि पॅरिटीशिवाय पोर्ट उघडतं आणि वाचताना मुदत न घालता वाट पाहत बसतं. सात बिटांच्या इंडिकेटरवर तिथेही निम्मे अंक कचरा होऊन येतील. ब्रायन कर्निहान यांनी १९८१ मध्ये पास्कलवर टीकालेख लिहिला, तो त्या काळच्या मानक पास्कलवर होता. त्यातले आक्षेप आजच्या फ्री पास्कलवर डोळे मिटून चिकटवणाऱ्याने हे कंपायलर कधी चालवून पाहिलेलं नसतं. आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्यातून लिनक्स घडवलं तो मुळात एक टर्मिनल एम्युलेटर होता, मोडेमवरून हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकाशी बोलण्यासाठी लिहिलेला. ज्या प्रणालीची सुरुवातच सिरियल पोर्टपासून झाली, तिच्यावर सिरियल पोर्ट चालत नाही असं म्हणणाऱ्याने आधी थोडं वाचावं.

कॉलेजं यातून सुटत नाहीत. अजूनही कित्येक ठिकाणी डॉसबॉक्समध्ये टर्बो सी उघडून प्रॅक्टिकल होतात. मुलाला पोर्ट म्हणजे ३एफ८ एवढंच कळतं. टर्मिऑस हा शब्द कानावर न पडता तो अभियंता होतो आणि मग कारखान्याच्या काट्यावर येऊन बसतो.

राहिला प्रश्न पोर्टच्या नावांचा. अनेक ठिकाणी भरलेल्या गाड्यांचा एक काटा आणि रिकाम्या गाड्यांचा दुसरा असतो, दोन्ही यूएसबी कन्व्हर्टरवर. संगणक पुन्हा सुरू झाला की टीटीवाययूएसबी शून्य आणि एक यांची अदलाबदल होऊ शकते. प्रोग्रॅममध्ये नाव थेट लिहिलेलं असेल तर भरलेल्या गाडीचं वजन रिकाम्या काट्याचं म्हणून नोंदलं जाईल. डेव्ह डिरेक्टरीत सिरियल नावाखाली बाय-आयडी आणि बाय-पाथ अशा दोन पक्क्या वाटा आहेत. सीएच३४० चिपला सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून तसे दोन कन्व्हर्टर असतील तर बाय-पाथ वापरा आणि कोणता काटा कोणत्या सॉकेटला हे सॉकेटवर रंगाने लिहा. मोडेममॅनेजर नव्याने दिसलेल्या पोर्टवर मोडेम शोधायला एटी हुकूम पाठवू शकतो. काट्याच्या यंत्रावर तो काढून टाका. उबुंटू २२.०४ वर ब्रेल पडद्यासाठीचं बीआरएलटीटीवाय सीएच३४० कन्व्हर्टर आपलाच समजून घेऊन टाकायचं आणि पोर्ट दिसेनासं व्हायचं. अंध वापरकर्त्याचं यंत्र नसेल तर तेही काढा.

कारखान्याच्या संचालकांना, बाजार समित्यांना आणि काट्याचं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. भाषा कोणती, पडदा किती रंगीत, हे पुरवठादाराला विचारू नका. गाडी काट्यावर असताना केबल उपसा. पडद्यावर जुना आकडा तसाच राहिला किंवा पावती छापली गेली, तर सॉफ्टवेअर परत पाठवा. इंडिकेटरची पॅरिटी मुद्दाम बदला. आकडा चुकीचा दिसला तर परत पाठवा. ‘वजन येत नाही’ असं लिहून आलं तरच ठेवा. दोन कन्व्हर्टर काढून उलट क्रमाने लावा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. प्रोग्रॅम कोणत्या खात्यावर चालतो ते पुरवठादाराच्याच तोंडून वदवून घ्या, आणि रूट म्हणाला तर तिथेच थांबवा. या कसोट्या निविदेत शब्दशः घाला, त्या पार पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका, आणि जो पुरवठादार ‘असं कोणी करत नाही हो साहेब’ म्हणेल त्याचं नाव यादीतून काढा.